क्युबेकचा शेतकरी पूर्वज शोधताना: लग्नाच्या नोंदींनी वर चढा, नोटरीच्या दप्तरात थांबा

प्रश्न असा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या एका मराठी वाचक बाईंच्या यजमानांचे खापरपणजोबा कॅनडाहून आलेले. घरात एवढेच ठाऊक आहे की ते फ्रेंच बोलत, कॅथलिक होते, शेती सोडून 1885 च्या सुमारास लोवेलच्या कापडगिरणीत लागले. आडनाव आज इंग्रजी वळणाचे आहे. मुलांसाठी कुलवृत्तांत लिहायचा आहे, तर सुरुवात कुठून करावी?

तुमच्या हातात फार उत्तम धागा आहे. जगात फार थोड्या ठिकाणच्या साध्या शेतकऱ्यांची नोंद इतकी सलग सापडते. याला दोन कारणे आहेत. कॅनडाच्या क्युबेक या फ्रेंचभाषक प्रांतात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची पॅरिशची (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची) नोंदवही हीच 1993 च्या अखेरीपर्यंत सरकारी जन्ममृत्यू-नोंदीचे काम करत होती, आणि 1679 पासून तिच्या दोन प्रती ठेवण्याचा दंडक होता: एक चर्चमध्ये, दुसरी न्यायालयात. आग लागो, पूर येवो, बहुधा एक तरी प्रत वाचते. दुसरे कारण नोटरी, म्हणजे करार लिहून त्याचे दप्तर ठेवणारा अधिकारी. तिथला शेतकरी निरक्षर असला तरी लग्नाचा करार, जमिनीची खरेदी, म्हातारपणाची सोय, सगळे नोटरीसमोर बसून लिहून घेई. चर्चची वही तुम्हाला नावे देईल. माणूस भेटेल तो नोटरीच्या कागदात. बहुतेक लोक नावांची शिडी सतराव्या शतकापर्यंत चढून थांबतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण खरा ऐवज त्यानंतर सुरू होतो.

पण आधी अमेरिकेतली बाजू पक्की करा. क्युबेकच्या वह्यांत लगेच उडी मारू नका. सारख्या नावाची डझनभर माणसे सापडतील आणि त्यातला कोणता तुमचा हे ठरवता येणार नाही. अमेरिकेत शोधायच्या गोष्टी दोनच: त्यांच्या आईवडिलांची नावे (आईचे माहेरचे आडनाव धरून) आणि मूळ पॅरिशचे नाव. मॅसॅच्युसेट्समध्ये लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद 1841 पासून आहे, आणि त्यात बहुधा आईवडील दिलेले असतात. जन्मस्थान मात्र नुसते ‘कॅनडा’. 1900 च्या अमेरिकन जनगणनेत जन्माचा महिना व वर्ष, लग्नाला किती वर्षे झाली आणि देशात कधी आले, हे रकाने आहेत. त्यावरून लग्न क्युबेकात झाले की लोवेलात, याचा अंदाज बांधता येतो. सीमेवरची नोंद शोधण्यात वेळ घालवू नका. कॅनडाच्या सीमेवरून येणाऱ्यांची पद्धतशीर यादी 1895 पासून सुरू होते. 1885 ला आलेला माणूस आगगाडीत बसला आणि उतरला, कोणी काही लिहिले नाही. नागरिकत्वाचे कागद 1906 नंतरचे असतील तर त्यात जन्मगाव मिळते, आधीच्यात क्वचितच.

त्यापेक्षा फ्रेंच पॅरिश गाठा. लोवेलमध्ये फ्रेंच कॅनेडियनांचे स्वतःचे पॅरिश 1868 पासून होते, आणि तिथले फ्रेंच पाद्री नोंद क्युबेकच्याच पद्धतीने लिहीत. सरकारी नोंदीत ‘कॅनडा’ लिहिलेल्या माणसाचे गाव चर्चच्या नोंदीत सापडणे नित्याचे आहे. 1886 पासून लोवेलमध्ये ‘लेत्वाल’ नावाचे फ्रेंच वर्तमानपत्रही निघे. त्यातल्या मृत्युवार्तेत भावंडे कोणकोणत्या गावी आहेत ते येई. एखादी बहीण मागे गावातच राहिलेली असली तर तिचे गाव हेच तुमचे गाव. थडग्याचा दगडही पाहा. घराणे इंग्रजी झाले तरी दगडावर बऱ्याचदा फ्रेंच नाव आणि बायकोचे माहेरचे आडनाव कोरलेले असते.

आता आडनाव. इथे बरेच जण अडकतात. बदल दोन तऱ्हांनी झाले. काहींनी अर्थ उचलला: बुआव्हेरचा ग्रीनवुड झाला, रुआचा किंग, लब्लांचा व्हाइट, लाझनेसचा यंग. काहींचा नुसता उच्चार इंग्रजी कारकुनाच्या कानाला जसा लागला तसा लिहिला गेला: बनुआचा बेनवे, आर्शांबोचा शँबो. तुमचे आडनाव दोन्ही वाटांनी मागे नेऊन पाहा आणि संभाव्य फ्रेंच रूपांची यादी हाताशी ठेवा.

याच्याही मागे ‘दी’ आडनावे आहेत. वहीत हा शब्द डी-आय-टी असा दिसतो आणि ‘ऊर्फ’ असा त्याचा वापर आहे. 1665 मध्ये फ्रान्सहून आलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतले सुमारे 1,200 सैनिक प्रत्येकी एक लष्करी टोपणनाव घेऊन आले. त्यातले सुमारे 400 जण तिथेच शेती करू लागले, आणि टोपणनाव घराण्याला चिकटले. इतरांत ते गावावरून, जमिनीवरून किंवा वडिलांच्या नावावरून आले. मिव्हिल दी देशेन या घराण्यात काही शाखा आज मिव्हिल आहेत, काही देशेन. एकाच बापाच्या दोन मुलांनी दोन वेगळी आडनावे चालवली, किंवा एकाच माणसाचा बाप्तिस्मा एका नावाने आणि दफन दुसऱ्या नावाने झाले, असे सर्रास आढळते. आडनाव अचानक वहीतून गायब झाले तर वंश खुंटला असे समजू नका. आधी त्याचे ‘दी’ नाव शोधा.

क्युबेकात शिरल्यावर नियम एकच: लग्नावरून लग्नावर चढायचे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबाप असतात, पण ते बाळ पुढे जगले का हे कळत नाही. लग्नाच्या नोंदीत वर आणि वधू, दोघांचेही आईवडील, आईचे माहेरचे नाव, पॅरिश, वराचा धंदा आणि साक्षीदारांचे नाते मिळते. नोंद साधारण ठरावीक साच्यात असते. आधी चर्चमध्ये तीन रविवारी केलेल्या घोषणा किंवा त्यातून दिलेली सूट, मग वर, त्याचे आईबाप, मग वधू आणि तिचे. एखाद्या नावाआधी ‘फ’ (एफ-ई-यू) हा शब्द असला तर ती व्यक्ती तेव्हा हयात नव्हती. त्यावरून दफन कोणत्या काळात शोधायचे ते ठरते. वधूच्या पॅरिशात लग्न लावायची रीत होती, म्हणून वराच्या गावी नोंद सापडली नाही तर शेजारची गावे पाहा. ईस्टरआधीच्या लेंट आणि नाताळाआधीच्या अ‍ॅडव्हेंटच्या उपवासकाळात लग्ने लागत नसत आणि उन्हाळा शेताचा. वही पानोपान चाळायची वेळ आली तर जानेवारी-फेब्रुवारी आणि नोव्हेंबर आधी उघडा. 1885 पासून 1660 च्या दशकापर्यंत साधारण सात-आठ लग्ने येतात. बायका सगळ्या कागदांत माहेरच्याच नावाने राहतात, एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांतही पुष्कळदा. म्हणून आईकडच्या शाखाही तितक्याच सहज चढता येतात.

चढताना पाय घसरतो तो ठरावीक जागीच. विधुर किंवा विधवेचे पुन्हा लग्न झाले तर त्या नोंदीत आईवडिलांऐवजी दिवंगत जोडीदाराचे नाव असते. मग पहिले लग्न शोधूनच वर जाता येते. मूल दगावले की पुढच्याला तेच नाव देत. पाच वर्षांत तीन ‘जोझेफ’ असू शकतात, आणि वंशावळीत चुकून मेलेल्या बाळाचे लग्न लावलेले मी फार ठिकाणी पाहतो. प्रत्येक बाप्तिस्म्यासोबत त्या घरातली बालदफने तपासा. मुलांच्या नावाआधी ‘जोझेफ’ आणि मुलींच्या आधी ‘मारी’ लावण्याची प्रथा होती. अशा नावांतले, आडनावाआधीचे शेवटचे नाव हे बहुधा हाक मारायचे नाव. ‘उंदुआये’ असे लिहिलेले असले तर बाळ वाचणार नाही म्हणून घरीच सुईणीने किंवा शेजाऱ्याने घाईने पाणी घातले होते.

सर्वात अवघड गाठ सारख्या नावांची. शार्लव्हुआ आणि सागने भागांत त्रांब्ले आडनाव इतके दाट आहे की नुसत्या नावावरून काहीच ठरत नाही, आणि हे सगळे त्रांब्ले 1657 मध्ये क्युबेक शहरात लग्न झालेल्या पिएर त्रांब्ले व ओझान आशों या एकाच जोडप्याचे वंशज. अशा गावात माणसाची ओळख त्याच्या बायकोवरून ठेवा. टिपणात कधीही ‘जोझेफ’ लिहू नका, ‘अमकीचा नवरा जोझेफ’ लिहा.

याच दाट नात्यांतून पडताळणीचे एक सुंदर साधन मिळते. जवळच्या नात्यात लग्न करायला चर्चची परवानगी लागे आणि नोंदीत तिची पायरी लिहीत. सामाईक पूर्वजापर्यंतच्या पिढ्या मोजायच्या: दुसरी पायरी म्हणजे सख्खी चुलत, आते, मामे किंवा मावस भावंडे, तिसरी म्हणजे सामाईक पणजोबा, चौथी म्हणजे सामाईक खापरपणजोबा. ‘तिसरी ते चौथी’ असे असले तर एका बाजूने तीन पिढ्या, दुसऱ्या बाजूने चार. तुम्ही रचलेल्या वंशावळीत तेवढ्याच अंतरावर सामाईक जोडपे सापडले पाहिजे. नाही सापडले, तर कुठेतरी चुकीचा माणूस चिकटवला आहे.

वाचनाचे दोन सापळे. महिन्यांचे जुने संक्षेप लॅटिन आकड्यांवरून आहेत: 7 च्या पुढे बी-आर-ई म्हणजे सप्टेंबर, 8 म्हणजे ऑक्टोबर, 9 म्हणजे नोव्हेंबर, रोमन दहा म्हणजे डिसेंबर. सातवा महिना म्हणून जुलै धरला की सगळा क्रम बिघडतो. आणि वर्षे अक्षरी असतात. फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे ‘चार-विसा’. ‘चार’ हा शब्द एका ओळीच्या शेवटी आणि ‘वीस-चार’ पुढच्या ओळीत गेला तर 1884 चे 1824 वाचले जाते. जन्मतारीख बाप्तिस्म्याच्या तारखेवरून मोजावी लागते: ‘आजच’, ‘काल’, ‘परवा’ जन्मलेला, असे शब्द असतात.

वह्या कुठे पाहाव्यात? फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर क्युबेकच्या कॅथलिक पॅरिशच्या वह्यांच्या प्रतिमा फुकट आहेत. याच वह्यांच्या ड्रूअँ संग्रहाची फिल्म 1940 च्या दशकात, मुख्यतः न्यायालयातल्या प्रतींवरून घेतली गेली. ती जेनेआलोजी क्युबेक आणि अ‍ॅन्सेस्ट्री या सशुल्क ठिकाणी आहे. एक प्रत पुसट किंवा फाटलेली असली तर दुसरी उघडा, आणि दोन्ही वाचता येत असतील तरी महत्त्वाच्या लग्नासाठी दोन्ही पाहा, कारण नक्कल करताना पाद्री नावे गाळत. मॉन्ट्रियल विद्यापीठाचा पीआरडीएच हा प्रकल्प 1966 पासून चालू आहे. त्याने सुरुवातीच्या काळापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या नोंदी एकमेकींना जोडून कुटुंबे उभी केली आहेत. थोडे पैसे पडतात, पण 1850 च्या आधीच्या पिढ्यांसाठी माझा पहिला भरवसा त्यावर. पाद्री सिप्रिएँ तांग्वे यांचा 1871 ते 1890 मधला सात खंडांचा वंशकोश सर्वत्र उद्धृत होतो. तो वाट दाखवण्यापुरता घ्या, पुरावा म्हणून नको. इंटरनेटवरच्या आयत्या वंशावळींचेही तसेच. मूळ नोंदीची प्रतिमा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पायरी पक्की धरू नका.

आता शेतकऱ्याकडे येऊ.

नोंदींत तो ‘आबितां’, पुढे ‘क्युल्तिव्हातर’ म्हणून येतो. ‘जुर्नालिये’ लिहिले असेल तर तो मजुरी करणारा. हा शब्द प्रत्येक मुलाच्या बाप्तिस्म्याला टिपून ठेवा. क्युल्तिव्हातरचा जुर्नालिये झाला ते वर्ष म्हणजे बहुधा जमीन हातची गेल्याचे वर्ष, आणि अमेरिकेला जायचे कारण तिथेच दडलेले असते.

1854 पर्यंत सेंट लॉरेन्सच्या दोन्ही काठांची जमीन सेन्यॉर नावाच्या जमीनदारांकडे होती. शेतकरी कायमच्या कौलाने ती घेई आणि दरवर्षी ठरलेला सारा भरे. शेत विकता येई, मुलांना देता येई. शेते नदीला काटकोनात लांबट पट्ट्यांची, साधारण 3 आर्पां रुंद आणि 30 ते 40 आर्पां खोल. एक आर्पां म्हणजे सुमारे 58.5 मीटर, म्हणजे 3 बाय 30 चे शेत सुमारे 175 मीटर रुंद, पावणेदोन किलोमीटर लांब आणि क्षेत्रफळाने सुमारे 31 हेक्टर, 76 एकर. आर्पां लांबीचेही माप आहे आणि क्षेत्राचेही. कागदात कोणते आहे ते पाहून मगच हिशेब करा. नदीकाठची पहिली रांग भरली की तिच्या मागे दुसरी रांग, ‘रां’, मोजली जाई. कोणत्या रांगेत शेत होते यावरून घराणे गावात किती जुने ते कळते.

नोटरीचे कागद असे शोधा. प्रत्येक नोटरीचे दप्तर त्याच्या नावाने वेगळे असते आणि सोबत तारखेनिहाय सूची असते. जुनी दप्तरे क्युबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागाराकडे, म्हणजे बीएएनक्यूकडे आहेत, आणि पुष्कळ सूच्या व दप्तरे फुकट ऑनलाइन पाहता येतात. 1626 ते 1801 या काळासाठी ‘पार्शमँ’ हा नावानिशी शोधता येणारा डेटाबेस आहे. त्यानंतरच्या काळात नोटरी कोण ते आधी ओळखावे लागते. सोपा मार्ग म्हणजे लग्नाचा करार: तो लग्नाच्या आधी थोड्या दिवसांत, वधूच्या गावाजवळच्या नोटरीकडे होई. गावाजवळचे तीन-चार नोटरी काढा आणि लग्नाआधीच्या महिन्याची सूची वाचा. तो एकदा सापडला की घराणे बहुधा त्याच नोटरीकडे वर्षानुवर्षे जाते.

सर्वात श्रीमंत कागद म्हणजे मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी. नवरा-बायकोपैकी एक गेले आणि मुले अज्ञान असली तर ती करत, विशेषतः उरलेल्याला पुन्हा लग्न करायचे असले तर. त्यात चुलीवरची भांडी, सतरंज्या, कुऱ्हाड, नांगर, गाईंचे रंग आणि वये, कोठारातले धान्य, कोणाचे किती देणे, सगळे किमतीसह येते. यादीचे शेवटचे कलम चुकवू नका: घरातले कागदपत्र. त्यात प्रत्येक जुना करार, त्याची तारीख आणि नोटरीचे नाव एकापाठोपाठ असते. आपल्याकडे सातबाऱ्यावरून फेरफाराचा क्रमांक धरून मागे जातो, तसे या एका कलमावरून तीन पिढ्यांची जमीन मागे नेता येते. अज्ञान मुलांना पालक नेमण्याचे कागद न्यायालयीन दप्तरात मिळतात. तिथे दोन्हीकडचे नातलग जमत आणि प्रत्येकाचे मुलांशी नाते लिहिलेले असे, ‘मामा’, ‘चुलत आजोबा’ असे. ज्या काळातली चर्चची वही हरवली आहे, त्या काळात हा कागद सोन्यासारखा. फ्रेंच राजवटीत सज्ञान होण्याचे वय 25 होते, 1780 च्या दशकात ते 21 वर आले.

आणि हयातीतले बक्षीसपत्र. क्युबेकात चालणाऱ्या पॅरिसच्या रीतीच्या कायद्याने साध्या कुळाच्या मुलामुलींना समान वाटा होता, पण 3 आर्पांचे शेत दहांत वाटले तर कोणाचेच पोट भरत नाही. म्हणून म्हातारे आईबाप शेत एका मुलाच्या नावे करत आणि बदल्यात आपली सोय लिहून घेत: वर्षाला किती मिनो पीठ (मिनो म्हणजे सुमारे 39 लिटरचे माप), एक पोसलेले डुक्कर, मीठ, तंबाखू, फोडून दाराशी आणलेले सरपण, मिसला (चर्चमधल्या उपासनेला) जायला घोडा, आजारपणात वैद्य, मेल्यावर ठरावीक मिस. इतर भावंडांना किती रोख द्यायचे तेही त्यात असते. तुमचे खापरपणजोबा ज्या पिढीत गाव सोडून गेले, त्या पिढीचे बक्षीसपत्र अवश्य शोधा. शेत कोणाला मिळाले हे कळले की कोणाला निघावे लागले हे त्याच पानावर दिसते. 1840 ते 1930 या काळात सुमारे 9 लाख फ्रेंच कॅनेडियन असे अमेरिकेत गेले.

कागदात जमिनीच्या चतुःसीमा असतात: पुढे नदी किंवा रस्ता, मागे पुढच्या रांगेची सुरुवात, दोन बाजूंना शेजाऱ्यांची नावे. शेजाऱ्यांची नावे टिपा, मुलीबाळी बऱ्याचदा तिथेच दिलेल्या असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनींना कॅडस्ट्रचे (सरकारी जमीन-मोजणीचे) क्रमांक मिळाले. तो क्रमांक सापडला की सरकारी जमीननोंदणीत थोडी फी भरून पुढचे सगळे व्यवहार पाहता येतात आणि आजच्या नकाशावर शेत दाखवता येते.

जनगणनांपैकी 1851 ची (प्रत्यक्षात ती जानेवारी 1852 मध्ये झाली), 1861 ची आणि 1871 ची तुमच्या कामाची, कारण त्यांच्यात शेतीचा वेगळा तक्ता आहे: किती जमीन लागवडीखाली, गहू, ओट, बटाटा, लोणी, मेपलची साखर, घरी विणलेले कापड. 1851 आणि 1861 मध्ये वय ‘पुढच्या वाढदिवसाला किती’ असे विचारले होते, त्यामुळे एक वर्ष जास्त दिसते. काही गावांची पाने टिकलेली नाहीत. लोकांची यादी आणि शेतीचा तक्ता वेगवेगळ्या पानांवर असतो. एकच सापडला म्हणून थांबू नका. फार मागे 1667 आणि 1681 च्या गणनांतही प्रत्येक घराची कसलेली जमीन आणि गुरे आहेत.

शिडी 1755 ते 1770 च्या दरम्यान एकाएकी तुटली आणि आईबाप कुठल्याच क्युबेकच्या वहीत नसले, तर ते अकाडियातून (आजच्या नोव्हा स्कोशियाच्या भागातल्या जुन्या फ्रेंच वसाहतीतून) हुसकावलेले असण्याची शक्यता तपासा. त्यांच्या वह्या विखुरल्या. ग्राँ-प्रे गावच्या काही वह्या तर हद्दपारांबरोबर लुइझियानात पोचल्या आणि आज बॅटन रूजच्या धर्मप्रांताकडे आहेत. डीएनए चाचणीवर फार विसंबू नका. थोड्या कुटुंबांतून वाढलेला हा समाज असल्याने दोन माणसे चार-पाच वाटांनी नातलग असतात आणि चाचणी नाते आहे त्यापेक्षा जवळचे दाखवते.

शेवटी फ्रान्समधून आलेला मूळ पुरुष. त्याच्या लग्नाच्या नोंदीत फ्रान्समधले पॅरिश आणि धर्मप्रांत बहुधा दिलेले असते. तिथली नोंद कोणी शोधली आहे का हे ‘फिशिए ओरिजिन’ या मोफत डेटाबेसमध्ये आधी पाहा. असली तर बाप्तिस्म्याचा तपशील तिथेच मिळतो, नसली तर त्या जिल्ह्याच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर वह्या उघडाव्या लागतात. नोंदीतले नाव खरेच असेल असेही नाही. लोवेलमध्येच जन्मलेल्या जॅक केरुअ‍ॅक या लेखकाच्या मूळ पुरुषाने 1732 मध्ये काप-सँ-इन्यास येथे लुईझ बेर्निए हिच्याशी लग्न केले ते बदललेल्या नावाने. तो फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या युएलगोआतचा ल बिआं घराण्यातला, हे फार उशिरा सिद्ध झाले. तुमच्या बाबतीत पुरुषाची वाट इथे बंद झाली तर त्याच्या बायकोची उघडा. लग्न 1663 ते 1673 मधले असेल तर ती राजाच्या खर्चाने पाठवलेल्या सुमारे 800 मुलींपैकी एक असू शकते, आणि त्या मुलींवर इतके बारीक काम झाले आहे की नवऱ्यापेक्षा तिचे गाव सापडण्याची शक्यता अधिक.